एल्फेडची चढण

"काय हो, तुम्ही लोक मेलेल्या माणसांना इंजिनात टाकता, हे खरं आहे का?"

माब्लीने हे विचारलं ते छाती पुढे काढून, खणखणीत आवाजात, शेवटच्या रांगेलाही ऐकू जाईल असं. मागे चहाघराच्या खिडकीआड शोनेद आणि बेका एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून फिदीफिदी हसत होत्या. पैज त्यांचीच. "तू काय विचारतेस! तुझी छातीच नाही," म्हणाल्या होत्या. गेल्या वर्षीची माब्ली असती तर खरंच नसतं विचारलं. पाणी प्यायला जाऊ का, एवढं विचारतानाही ती कानापर्यंत लाल व्हायची. पण नाताळच्या नाटकात तिने म्हातारी राणी केली, सगळं खोरं उभं राहून टाळ्या वाजवत राहिलं, आणि आपल्याला आवाज आहे हे तिला तेव्हा कळलं. आता तो आवाज कुठे वापरू नि कुठे नको असं तिला झालं होतं. सप्टेंबरात कार्डिफला मावशीकडे राहून नाटकाच्या कॉलेजात जायचं, हेही ठरलं होतं. मावशीने खोली रंगवायलासुद्धा घेतली होती.

इद्वल प्रिचर्ड इंजिनाच्या पोटाखालून वाकून बाहेर आला. त्याच्या हातात तेलाची झारी होती आणि नाकावर काजळीचा पट्टा.

"अख्खी नाही टाकत," तो म्हणाला. "भट्टीचं दार लहान आहे."

खिडकीआड हसण्याचा फुगा फुटला.

"राख टाकतो," इद्वल पुढे म्हणाला, तिकडे न बघता. "ज्याची तशी इच्छा असेल त्याची. येत्या शनिवारीच एकाला टाकायचंय. यायचं तर ये."

"कोणाला?"

"एल्फेडला. माझा फायरमन, भट्टीत कोळसा टाकणारा." जणू एल्फेड बाजूलाच उभा होता आणि ओळख करून द्यायची राहून गेली होती.

पैज इथे संपली होती. माब्लीने आता वळून मैत्रिणींकडे जायचं, टाळी द्यायची, चिप्स त्यांच्या खर्चाने खायच्या. पण आवाज एकदा सुटला की कुठला थांबतोय!

"आणि तुम्हाला कोण टाकणार?"

इद्वलने खिशातून चिंधी काढली आणि एकेक बोट पुसत बसला.

"बघू," तो म्हणाला. "ज्यांनी टाकलं असतं, त्यांना मीच टाकून बसलो."

एइथिन खोऱ्यातल्या या छोट्या रेल्वेत पगार कोणालाच नव्हता. पूर्वी डोंगरातल्या खाणीतून पाटीचा दगड खाली यायचा. खाण बंद पडली, रूळ मात्र गावाने सोडले नाहीत. शनिवार-रविवारी कोणी तिकिटं फाडायचं, कोणी दिव्यांच्या काचा पुसायचं, कोणी पहाटे येऊन भट्टी पेटवायचं. माब्ली चहाघरात कपबशा विसळायची, तीही शाळेने सेवेचे तास भरायला सांगितले म्हणून. इद्वलने उभं आयुष्य इंजिन चालवलं होतं. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या तपासणीत नापास झाला, आणि तेव्हापासून त्याला इंजिनावर चढायची बंदी होती. इंजिनाच्या खाली मात्र जाता येत होतं. म्हणून तो तेल घालायचा, आणि संध्याकाळी भट्टी रिकामी करून राख ओढायचा.

शनिवारी शोनेद आणि बेका आल्याच नाहीत. "केस धुतलेत गं, आणि वारा बघ!" असा निरोप आला. माब्लीने कपबशा तशाच सोडल्या आणि ती इद्वलबरोबर रुळाच्या कडेने पांढऱ्या फाटकापर्यंत चढून गेली. आणखी कोणी नव्हतं. एल्फेडला बायकामुलं नव्हती, आणि बाकीच्यांना गाडी चालवायची होती. इद्वलने कोळशाने माखलेल्या जाकिटाआत टाय बांधला होता. फाटकापाशी पोचल्यावर त्याने पिशवीतून थर्मास काढला, दोन पेले काढले, आणि दुसरा पेला तिच्या हातात देताना क्षणभर थबकला.

"एल्फेड आणि तुम्ही दिवसभर काय बोलायचात?" माब्लीने विचारलं. तिला गप्प बसणं जमतच नव्हतं.

"बोलायचो? छे गं! इंजिनावर कानठळ्या बसतात. तो हात असा करायचा." इद्वलने तळवा खाली दाबला. "म्हणजे बॉयलरमध्ये पाणी कमी आहे. आणि असा." त्याने अंगठा ओठांकडे नेला. "म्हणजे चहा. तीस वर्षं एवढ्यावर निघाली."

"भांडण झालं तर?"

"तर चहा नाही."

ती हसली. तोही हसला, पण त्याचं हसू वाऱ्याने अर्ध्यातच उचलून नेलं.

"इथेच का पण? फाटकापाशीच?"

"कारण सगळ्यांत खडी चढण हीच. इथे इंजिन जीव तोडून ओढतं. धुराड्यातून असा दम फेकतं, की भट्टीतली आगसुद्धा त्याच्यामागे वर खेचली जाते. त्या वेळी राख टाकली की सरळ आभाळात. सगळ्या खोऱ्यावर. इंजिन ओढत नसताना टाकली तर बसते खाली जाळीत, निखाऱ्यांबरोबर." तो रुळाकडे बघत म्हणाला, "एल्फेडला वर जायचं होतं. त्याच्या आयुष्यात तेवढीच एक मागणी त्याने कोणाकडे केली."

मग खालच्या वळणावरून गाडीचा आवाज आला. आधी नुसती धाप, मग धापेला धाप जोडत, जड, हट्टी. इद्वलने टोपी काढून छातीशी धरली. पांढरा धूर झाडांवर दिसू लागला आणि तिला एकदम वाटलं, काय थाट आहे या मरणाचा!

आणि मेंढी आली.

कुंपणातून एक मेंढी रुळावर आली, मागोमाग तिचं कोकरू, आणि दोघं फाटकासमोर मधोमध उभी राहिली. शिट्टी झाली. आणखी एक झाली. मेंढीने ढुंकूनही पाहिलं नाही. ड्रायव्हरने वाफ तोडली, धाप थांबली, गाडी कण्हत कण्हत येऊन बरोबर पांढऱ्या फाटकापाशी उभी राहिली. धुराड्यातून धुराची एक आळशी बट तेवढी निघत होती.

इंजिनावरचा नवा फायरमन गेथिन, मनाने सोन्यासारखा पोरगा. त्याला 'पांढऱ्या फाटकापाशी' असं सांगितलं होतं, आणि हे तर पांढरं फाटक. त्याने इद्वलकडे बघून टोपी काढली, एल्फेडच्या राखेचा लाकडी डबा कपाळाला लावला, फावड्यावर ओतला, भट्टीचं दार उघडलं.

"नको," इद्वल म्हणाला. "आत्ता नको. थांब रे."

तो आवाज शेजारच्या गवतापर्यंतही गेला नसेल. माब्लीचा गेला असता. तिचा आवाज इंजिनाला ओलांडून पलीकडच्या डोंगराला आपटून परत आला असता. पण काय होतंय हे तिला कळेपर्यंत फावडं रिकामं झालं होतं आणि दार मिटलं होतं.

डब्यांतल्या कोणीतरी मेंढीला हाकललं. गाडी हलली, चढणीला लागली, धूर भसाभसा निघाला. काळा, नुसता कोळशाचा. गेथिनने खिडकीतून अंगठा उंचावला. इद्वलने टोपी हलवली. गाडी वळणाआड गेली तरी तो हलवतच होता.

संध्याकाळी इंजिनाच्या शेडमध्ये गेथिन धावत आला. "छान झालं ना, इद्वल? अगदी फाटकापाशी! तुम्ही सांगितलंत तस्संच!"

माब्लीने तोंड उघडलं. इद्वलची बोटं तिच्या बाहीवर आली.

"तस्संच," तो म्हणाला. "एल्फेड खूश असेल. जा, घरी जा, दमलास तू."

गेथिन शीळ घालत गेला. इद्वल वाकला आणि लांब दांड्याच्या फावड्याने भट्टीखालची राख खड्ड्यात ओढू लागला. राखाडी, पांढरी, मधे मधे विझलेल्या कोळशाचे खडे.

"सांगितलं का नाही त्याला?" माब्ली जवळजवळ ओरडलीच.

"सांगून एल्फेड वर जाणार आहे? तो पोरगा तेवढा आयुष्यभर मेंढी दिसली की खाली मान घालेल."

"पण यातला एल्फेड कुठला?"

"तेच बघतोय," इद्वल म्हणाला.

रोजची राख तो फलाटामागच्या पायवाटेवर पसरायचा, चिखल होऊ नये म्हणून. आज त्याने हातगाडी भरली आणि आत कोपऱ्यात नेऊन ठेवली. वर एक पोतं घातलं. कडा नीट खोचल्या, थंडीत झोपलेल्या माणसाच्या खोचाव्यात तशा.

"तुमच्या वेळी मी ओरडेन," माब्ली म्हणाली. "मेंढी येऊ दे नाहीतर हत्ती येऊ दे."

"खालून ओरडून नाही भागत, पोरी. वर फावडं ज्याच्या हातात, त्यालाच इंजिनाचा दम ऐकू यावा लागतो. त्याला वर्षं लागतात. आधी नुसतं इंजिनाचं पितळ पुसायचं, मग चिंध्या धुवायच्या, मग कुठे भट्टीजवळ उभं करतात." तो हातगाडीकडे बघत होता. "माझ्यामागे माझं करणारं कोणी नाही, हे मला माहीत होतं. आज डोळ्यांनी दिसलं, एवढंच. डोळे गेलेत म्हणतात, पण हे बरं दिसलं."

"मी शिकेन."

"तू कार्डिफला चाललीस. चहाघरात सगळ्यांना पाठ आहे. जा. पोरं जातातच, जायलाच हवं." त्यात रुसवा नव्हता. गाडीची वेळ सांगावी तसं त्याने सांगितलं, आणि तेच तिला सोसवेना.

तो दार लावायला वळला. वळता वळता त्याने बाजूच्या रिकाम्या जागेकडे बघून अंगठा ओठांकडे नेला. मग तो हात तसाच खाली आणून खिशात घातला.

घरी जाताना माब्लीने मैत्रिणींना सगळं लिहून पाठवलं. लगेच हसऱ्या चेहऱ्यांची रांग आली. "मेंढी!!! अगं मेले मी!!" बेकाने लिहिलं. माब्लीही हसली, कारण मेंढीचं हसू येण्यासारखंच होतं. मग तिने पोत्याबद्दल लिहायला घेतलं आणि पुसून टाकलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा पुसलं. एवढा मोठा आवाज मिळाला होता, आणि हे सांगायला सगळ्या खोऱ्यात माणूस नव्हता. नाही म्हणायला एक होता, पण त्याला ते आधीच ठाऊक होतं.

स्वयंपाकघरात आई बटाटे कुस्करत होती. बाबा फोनवरचा फोटो डोळ्यांपासून लांब धरून बघत होते.

"ये, ये, राणीसाहेब! बघ मावशीने भिंती कशा रंगवल्यात. पिवळ्याधमक! झोप कशी लागायची तुला!"

"हात धू आधी," आई म्हणाली. "कोळशाच्या खाणीतून आलीस की काय?"

माब्लीने हात धुतले नाहीत. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. तिला वाटलं होतं आपण हे राणीच्या आवाजात सांगू. पण आवाज निघाला तो अगदी साधा, टेबलापुरता.

"आई, बाबा, मी कार्डिफला जाणार नाही. मावशीला मीच फोन करीन, तुम्ही नका करू. मी इथल्या कॉलेजात जाईन, आणि उद्यापासून दर रविवारी शेडमध्ये पितळ पुसायला. मी फायरमन होणार आहे. एका माणसाचं मला करायचंय, आणि ते नीट यायला बरीच वर्षं लागतात, म्हणून उद्यापासूनच."