ताराबाईच्या हातची भाकरी

"मावशी, थांबा! काय करताय?"

कृषी सहायक नम्रता बांधावरून ओरडली, तोवर ताराबाईचा मोगऱ्याचा अर्धा वाफा खुडून झाला होता. कळ्या धरलेले शेंडे पायाशी पडले होते.

"शेंडे खुडते. नाय खुडले तर पान कसं भरंल?" ताराबाई बोलून गेली आणि तिचा हात जागीच थांबला.

उभा जन्म भातसा नदीच्या काठाला तिने भातामागून तंबाखू लावली होती. तंबाखूला फूल येऊ द्यायचं नसतं. नम्रताच्या सांगण्यावरून मोगरा लावायला तिचं डोकं राजी झालं होतं, पण बोटांना कोणी सांगितलंच नव्हतं.

मुलगा संदेश चिडला. "बोललो व्हतो ना आये, फुलाबिलाचं काम आपलं नाय. पुढच्या टायमाला तंबाखूच लावू."

नम्रताने बोल लावला नाही. ओढणी खोचून ती वाफ्यात उतरली. "झाडात जीव आहे, संदेश. फुटवे येतील, कळ्या येतील. उशीर होईल इतकंच. तोवर तंबाखूचं नाव काढायचं नाही."

त्यानंतर ती सुट्टीच्या दिवशीसुद्धा येऊन झाडं बघून जाई. अखेर कळ्या धरल्या. टोपली घेऊन संदेश कल्याणच्या बाजाराला गेला आणि परतला तो आणखी कलमं कुठे मिळतील विचारतच.

ताराबाईचा आनंद पोटात मावेना. "मॅडम, तुमाला काय देऊ गो?"

"भाकरी द्या. सकाळपासून उपाशी आहे, आता उंबरमाळीला जायचंय."

ताराबाईने आपल्या हातांकडे बघितलं. तंबाखूचा चीक हाताला असा बसे की राखेने घासूनही निघत नसे. भाकरी कडू व्हायची. लेक छाया लहानपणी तिच्या हातचा घास थुंकून टाकी. ती पोर वाढली शेजारच्या बाईजाच्या भाकरीवर.

तिने हात धुतले, हुंगले, पुन्हा धुतले. मग तांदळाची भाकरी थापली आणि नम्रताच्या तोंडाकडे बघत बसली.

नम्रताने दुसरी मागितली. या पोरीचे उपकार कसे फेडायचे ते ताराबाईला कळेना. तिने पदराने डोळे टिपले.

नम्रता निघाली तेव्हा ताराबाईने फडक्यात बांधलेल्या दोन भाकऱ्या तिच्या हातात दिल्या.

"छाया तिकडंच दिलीया, उंबरमाळीला. तिला द्या. आन सांगा, बाईजाच्या नाय, आयेनं केल्यात."