दोनशे तेरावा दिवस

कोंबड्या कापायच्या कारखान्याच्या दाराशी टांगलेली मी एक पाटी. हिरवा रंग, पांढरी अक्षरं, मधोमध तीन हूक. त्या हुकांवर रोज सकाळी आकड्यांचे पत्रे लावायचे. वर लिहिलं होतं, 'अपघाताविना दिवस'. एवढंच माझं काम. काम साधं होतं, पण ते मी खोटं केलं. माझी मलाच शिसारी येते, म्हणून आज बोलतेय.

अलाबामातल्या एका रंगाऱ्याने मला रंगवलं. भला माणूस. अक्षरं सुकेपर्यंत माशी बसू नये म्हणून शेजारी उभा राहिला होता. मग मला दारातून आत शिरल्याबरोबर, नर्सच्या खोलीच्या अन् जेवणाच्या खोलीच्या मधल्या भिंतीवर लावलं. येणारा-जाणारा प्रत्येकजण माझ्यासमोरून जायचा.

आकडे बदलायचं काम व्हर्लीन पेटवेकडे होतं. पंचावन्नची बाई, एकवीस वर्षं सरकत्या पट्ट्याशी उभी राहून कोंबड्यांचे पंख कापलेली. सगळे तिला मिस व्हर्लीन म्हणायचे. ती रोज माझ्यावरची धूळ पुसायची आणि पुटपुटायची, "चल गं, आज तरी पुढे सरक."

तेव्हा मी फारशी सरकायचेच नाही. नऊ, बारा, फार तर सतरा. मग कुणीतरी घसरायचं, कुणाचा हात चिरायचा, आणि मी पुन्हा शून्यावर. पण शून्य खरं होतं. त्याची मला लाज वाटली नाही.

मग कारखाना विकला गेला. नवी कंपनी कुठली, कुणाची, कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. तिचा चेहरा म्हणजे ड्वाइट क्रेनशॉ हा मॅनेजर. इस्त्रीचा शर्ट, दातांत कायम च्युइंगम. पहिल्याच आठवड्यात त्याने पट्ट्याचा वेग वाढवला. लघवीला जायचं तर हात वर करून परवानगी मागायची, आणि ती मिळेपर्यंत तासभर जायचा. बायका पाणी प्यायच्याच बंद झाल्या. काहीजणी तान्ह्या बाळासारखा लंगोट बांधून यायच्या. माझ्यासमोरून जाताना पाय जवळ घेऊन चालायच्या, म्हणून मला कळलं.

दुसऱ्या आठवड्यात एक माणूस ब्रश घेऊन आला आणि माझ्या अक्षरांच्या वर बारीक अक्षरांत दोन शब्द घालून गेला. आता मी झाले, 'दिवस बुडवणाऱ्या अपघाताविना दिवस'. म्हणजे माणूस कितीही जखमी होवो, दुसऱ्या दिवशी कामावर हजर असला की माझ्या लेखी काही घडलंच नाही.

तेव्हापासून मी भरभर सरकू लागले. तीस. नव्वद. दीडशे.

आन्सेल्मो चोक पंख कापायच्या यंत्राशी उभा राहायचा. ग्वाटेमालाचा, तिशीचा, दोन मुलींचा बाप. मिस व्हर्लीनने त्याला काम शिकवलं होतं. तो तिला घरून केळीच्या पानात उकडलेले मक्याच्या पिठाचे दोन तमाल आणून द्यायचा. ती म्हणायची, "बाळा, माझ्या डॉक्टरने पाहिलं तर तुला तुरुंगात टाकेल," आणि दोन्ही खायची.

दोनशे बाराव्या दिवशी यंत्रात पंख अडकले. नियम असा की पट्टा थांबवायचा आणि मगच हात घालायचा. आन्सेल्मोने हात वर केला. क्रेनशॉ समोरच होता. ओरडला, "थांबवायचा नाही! ओढून काढ!"

त्याने ओढून काढलं. पंख निघाले. उजव्या हाताची दोन बोटंही गेली.

त्याला माझ्यासमोरून नर्सच्या खोलीत नेलं. रक्ताची धार माझ्या खालच्या फरशीवर पडली. नर्स म्हणाली, "साहेब, ॲम्ब्युलन्स बोलवते."

"ॲम्ब्युलन्स नको. माझ्या गाडीतून नेतो, आपल्या दवाखान्यात."

"साहेब, बोटं गेलीत त्याची!"

"बोटं गेलीत, दिवस नाही गेलेला. उद्या सकाळी तो इथे हवा."

मी लोखंडाची आहे. माझ्यावर दोनशे बारा तसंच लटकत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीची गाडी आन्सेल्मोला घरून उचलून घेऊन आली. हाताला डोक्याएवढं बँडेज, औषधांनी डोळे जड झालेले. त्याला माझ्याच खाली खुर्चीवर बसवलं आणि मांडीवर एक पुस्तिका ठेवली, 'सुरक्षित हात, सुखी घर'. इंग्रजीतली. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. आठ तास बसणं हेच त्याचं त्या दिवशीचं काम. मान खाली पडली की कुणीतरी खांदा हलवायचं.

मिस व्हर्लीन आकडा बदलायला आली. आधी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्यावरचे तिन्ही पत्रे काढले आणि तीन शून्यं लावली.

क्रेनशॉ धावत आला. "व्हर्लीन, हे काय?"

"शून्य आहे साहेब."

"कुणी सांगितलं तुला?"

"ह्याच्या हाताने."

"हा कामावर हजर आहे. दोनशे तेरा लाव."

"तुम्हीच लावा. तुमची आहेत ना दहाही बोटं."

पट्ट्याकडे निघालेली माणसं थबकली. कुणीतरी खुदकन हसलं. क्रेनशॉने च्युइंगम गिळलं बहुधा. त्याने स्वतःच्या हाताने दोनशे तेरा लावलं. आणि मी ते मिरवलं. पाटीला दुसरं काय येतं?

मिस व्हर्लीन गप्प बसली नाही. जेवणाच्या सुट्टीत मुख्य कचेरीच्या तक्रारीच्या नंबरावर फोन करू लागली. एक दाबा, तीन दाबा, थांबा, मग बाजा. चार दिवस सुट्टी संपायची, बाजा संपायचा नाही. पाचव्या दिवशी जिवंत बाई बोलली. सगळं ऐकून घेतलं आणि गोड आवाजात म्हणाली, "तुमची तक्रार नोंदवली आहे. ती आम्ही तुमच्या मॅनेजरकडे पाठवतो."

"अगं बाई, तक्रार त्याचीच आहे!"

"हो, म्हणूनच त्यांच्याकडे."

मग तिने सरकारी खात्याला कळवलं. निरीक्षक आला. त्या दिवशी पट्टा इतका सावकाश चालला की बायका एकमेकींकडे बघून डोळे मिचकावत होत्या. कंपनीच्या वकिलाने शांतपणे सांगितलं, "आन्सेल्मो चोक आमचा नोकर नाहीच. तो ठेकेदाराचा माणूस." निरीक्षक ठेकेदाराचं ऑफिस शोधायला गेला, तर कुलूपबंद खोली आणि दाराला पत्रपेटी. महिन्याभराने तोच ठेकेदार नव्या नावाने तीच माणसं पाठवू लागला. फक्त आन्सेल्मोला नाही.

मिस व्हर्लीनला काढलं. कागदावर कारण लिहिलं होतं, 'कंपनीच्या पाटीशी छेडछाड'. माझ्या नावाने तिला काढलं! कागदावर सही कुणाचीच नव्हती.

तीनशे पासष्टाव्या दिवशी बक्षीस म्हणून पिझ्झा आला, आकडा छापलेली जाकिटं आली. लोकांनी खाल्लं, घातली. मी त्यांना नावं ठेवणार नाही. भूक खरी होती आणि आत थंडी खरी होती. क्रेनशॉला मुख्य कचेरीत बढती मिळाली. आता दहा कारखान्यांची सुरक्षा तो बघतो.

पण पाळी सुटायच्या वेळी मिस व्हर्लीन फाटकाबाहेर उभी राहू लागली. चर्चला जायची टोपी घालून, हातात वही घेऊन. लोक थांबून नावं सांगायचे. कुणाचा खांदा, कुणाचं मनगट, कुणाचा डोळा. आन्सेल्मो शेजारी उभा राहून डाव्या हाताने लिहायचा. एक्केचाळीस नावं झाली तेव्हा एका सकाळी अख्खी पाळी आत गेलीच नाही. नऊ तास फाटकाशी उभी राहिली. आत लाखभर कोंबड्या खोळंबल्या. मुख्य कचेरीतला माणूस तेव्हा लगेच भेटला, बाजा न वाजवता.

पट्ट्यावर प्रत्येकाच्या हाताशी दोरी बसली. ओढली की पट्टा थांबतो. लघवीला जायला परवानगी मागायची अट गेली. एवढंच मिळालं. बोटं नाही मिळाली, नोकऱ्याही नाहीत.

माझ्या जागी आता विजेवर चालणारा आकड्यांचा पडदा लावलाय. आकडा आपोआप वाढतो, कुणाचा हात लागत नाही, म्हणून कुणी नाही म्हणू शकत नाही. मी मागच्या शेडमध्ये रिकाम्या पिंपांना टेकून पडलेय, गंजतेय. गंजू दे.

तुमच्या कामाच्या दाराशी असा आकडा चमकताना दिसला, तर त्याचं कौतुक करू नका. पाळी सुटेपर्यंत थांबा, आणि बाहेर येणाऱ्यांची बोटं मोजा.