टिक-टिक कुठून येते ते मला माहीत होतं

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे. साधी नव्हे, शर्यतीच्या घराण्यातली. दोन दारं, दोनच सीटा, वर कापडी छप्पर आणि नाक इतकं लांब की बोळात वळताना आधी नाक वळतं आणि बऱ्याच वेळानं मी. आज माझ्याकडे पाहून तुम्हाला हे खरं वाटणार नाही. माझे मागचे दिवे स्कूटरचे आहेत, छप्पर ताडपत्रीचं आहे आणि लाल रंगाचं म्हणाल तर तो जिथं उरलाय तिथं उरलाय. तरी मी तोऱ्यातच सांगणार. जिला हवं तेव्हा एक शब्द बोलता आला नाही, तिनं आता तरी मनासारखं बोलून घ्यावं.

माझा जन्म विलायतेतला. सौंसरकडच्या मँगनीजच्या खाणीवर एक गोरा साहेब होता, त्यानं मला बोटीनं मागवलं. खाणीच्या धुळीच्या रस्त्यावर मी धावू लागले की गुराखी गुरं सोडून बघत उभे राहत. पुढे साहेब आपल्या देशी गेला आणि मी रामाकोन्याच्या रघुनाथरावांकडे आले. ते संत्र्याचे मोठे बागायतदार. त्यांनी मला एका लग्नाच्या वरातीत मिरवलं आणि मग कापसाच्या कोठ्यात नेऊन ठेवलं ते ठेवलंच. पंधरा वर्षं माझ्या सीटवर कोंबड्या बसल्या. जिनं वाऱ्याशी स्पर्धा करायची तिनं अंडी सांभाळली, आणखी काय सांगू?

एकोणीसशे एक्याऐंशी साली दादाराव माझ्या आयुष्यात आला. तो सौंसरच्या नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यावर पंप चालवायचा. झाडांवर बहार असताना रघुनाथरावांच्या विहिरीवरचा पंप बंद पडला. दोन मिस्त्रींनी हात टेकले, तो दादारावानं दोन दिवस बसून चालू केला. रघुनाथराव खुश झाले.

"दादाराव, कोठ्यातलं थे लाल डबडं घेऊन जा, बा. कोंबड्याईनं पार वाट लावली त्याची."

डबडं म्हणाले मला. आणि त्याच दिवशी बैलजोडीला बांधून मला सौंसरला ओढत नेलं. बैलांच्या मागून जाताना मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

दादारावाची बायको मंगला दारात कंबरेवर हात ठेवून उभी होती. तिनं मला पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"घरात पाच माणसं अन् गाडीत दोन जागा. बाकी तिघाईनं का मागं धावाचं?"

"दोनच पाह्यजे," दादाराव म्हणाला. "एक मी, एक माय."

ही माय म्हणजे लीलाबाई. आता तिची गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. छप्पन साली दसऱ्याला नागपूरला धम्मदीक्षा झाली तेव्हा ती पांढरं लुगडं नेसून सौंसरहून निघाली होती. आगगाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून पायी निघाली. सात वर्षांचा दादाराव दमला की त्याला खांद्यावर घ्यायची. तीन दिवस ती चालली. त्यानंतर दर दसऱ्याला ती दीक्षाभूमीवर जायचीच. पुढे गुडघे गेले, एका साली स्टेशनावर गर्दीत पडली आणि जाणं थांबलं. दादारावाच्या मनानं घेतलं होतं, की हिनं मला खांद्यावर नेलं, आता मी हिला मोटारीतून नेईन. लहान पोरासारखी ती वेशीपासून हात हलवत जाईल, गर्दीत नाही, धक्क्यात नाही. मला हे कळलं तेव्हा कोंबड्यांचा सगळा राग मी विसरले. कुणीतरी मला एका कामासाठी हवी म्हणत होतं.

दादाराव पंपावरून आला की चहा पिऊन माझ्याखाली शिरायचा. बोरगावचा भिवाजी मिस्त्री रविवारी मदतीला यायचा. माझे सुटे भाग सौंसरमध्ये मिळणं शक्य नव्हतं, नागपुरातही नाही. मग जे हाताशी असेल ते मला लागलं. ब्रेकमधली रबरं कुजली होती, तिथं संत्र्यावर औषध मारायच्या पंपाची चामडी वायसरं कापून बसवली. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत जीपचा एक पाटा घातला. पाण्याची टाकी ट्रॅक्टरची. मला आधी फार अपमान वाटायचा. पण चामड्याच्या वायसरांनी ब्रेक इतका छान लागायला लागला की मी मूग गिळून गप्प बसले. तशीही मी दुसरं काय करणार होते?

सगळ्यात मोठा बदल त्यानं मायसाठी केला. माझी सीट जमिनीला टेकलेली, शर्यतीच्या गाड्यांची असते तशी. लीलाबाईंना त्यात बसता आलं असतं, उठता आलं नसतं. म्हणून दादारावानं सीटखाली सागाची फळी घालून ती वीतभर उंच केली. दाराशी धरायला लोखंडी कडी लावली, पाय ठेवायला पायरी केली. हे काम त्यानं इतक्या प्रेमानं केलं की मला ते साहेबाच्या पॉलिशपेक्षा जास्त आवडलं. फक्त एक झालं. सीट उचलल्यामुळे तिच्या आणि गिअरबॉक्सवरच्या पत्र्याच्या मध्ये बोटभर फट राहिली.

सीट झाल्यापासून लीलाबाई रोज संध्याकाळी माझ्यात येऊन बसू लागल्या. मांडीवर पानाची चंची, हातात अडकित्ता. कातर कातर सुपारी कातरायच्या आणि खाली पडलेल्या दादारावाशी बोलायच्या. गाडी उभी असूनही त्या जराशा पुढं झुकून बसत, जणू नागपूरच्या वाटेवरचं बोरगाव मागं पडलंय.

त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी त्या चंची आवरत उठल्या आणि अडकित्ता मांडीवरून घसरला. फटीतून आत गेला, गिअरबॉक्सवरच्या पत्र्याखाली शिरला आणि तिथं तिरपा अडकून बसला. मला कळलं. बाकी कुणालाच नाही.

अडकित्त्यासाठी घर पालथं घातलं गेलं. शेजारच्या चंद्रकलाबाई आदल्या दिवशी तो मागून नेऊन परत देऊन गेल्या होत्या. रोजच्या कातरण्यात लीलाबाईंना कालचं-आजचं वेगळं आठवेना, त्यांना वाटलं, परत दिलाच नाही. दोघींची तीस वर्षांची मैत्री, आणि बोलणं बंद झालं. मी अंगणात उभी राहून दोन्ही दारांकडं पाहत होते. पोटात अडकित्ता होता आणि तोंड नव्हतं.

पुढच्याच महिन्यात मी चालू झाले. दादाराव आणि भिवाजी मला घेऊन मोहगावपर्यंत गेले. मित्रांनो, इतक्या वर्षांनी वारा अंगावर आला तेव्हा माझं मलाच खरं वाटेना. भिवाजी मांडीवर थाप मारून म्हणाला, "झालं दादाराव भाऊ. आता मायले बसव अन् ने. दसरा आठ दिवसावर आला."

पण दादारावानं कान टवकारले होते. टिक-टिक. टिक-टिक. इंजिन जोरात फिरलं की आवाज जोरात, हळू फिरलं की हळू.

"इंजिनात आवाज आहे."

"जुनी गाडी आहे, आवाज राहीनच," भिवाजी म्हणाला.

"नाई. आवाज आला का खोलाचं."

हे त्याचं का होतं, तेही सांगते. काही वर्षांपूर्वी नगरपालिकेच्या पंपातून असाच बारीक आवाज येत होता. दादाराव म्हणाला होता, पाहू उद्या. उद्या पंपाचा दांडा मोडला आणि भर उन्हाळ्यात गाव चार दिवस पाण्यावाचून राहिलं. बाया पाण्याचे रिकामे गुंड-घागरी घेऊन त्याच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. तेव्हापासून त्यानं कुठलाच आवाज उद्यावर टाकला नाही. त्याला दोष कसा देऊ? मायला घेऊन रस्त्यात बंद पडायची त्याला भीती होती.

त्यानं माझं इंजिन खोललं. दसरा आला तेव्हा मी बिनइंजिनाची होते. लीलाबाई म्हणाल्या, "पुढच्या साली जाऊ, बापू." त्यांचा आवाज साधाच होता. मला मात्र कसंतरी झालं.

चौऱ्याऐंशी साली पोळ्यापर्यंत त्यानं सगळं परत जोडलं. नागपूरहून बेअरिंगं आणली, टॅपेट बसवले. चावी फिरवली, मी चालू झाले, आणि टिक-टिक. त्याचा चेहरा पाहवत नव्हता. पेचकस कानाला लावून तो इंजिनाच्या इंचाइंचावर ऐकत फिरला. त्याचा हात कितीदा तरी त्या पत्र्यापाशी आला आणि पुढं गेला. गिअर चांगले पडत होते, म्हणून गिअरबॉक्सकडं कुणी पाहतच नव्हतं. मी मनातल्या मनात ओरडत होते, अरे इथं, इथं खाली. त्या साली पुन्हा खोललं. दसरा पुन्हा गेला.

पंच्याऐंशीचा दसरा मी कधी विसरणार नाही. सकाळची वेळ होती. लीलाबाई पांढरं लुगडं नेसून ओट्यावर तयार बसल्या होत्या. दादाराव माझ्याखाली होता, कारण टिक-टिक तशीच होती.

"होऊ दे ना आवाज," त्या म्हणाल्या. "मी का आवाज ऐकाले चालली?"

"रस्त्यात बंद पडली तं काय करशीन, माय? तासभर थांब. इंजिनाचा वॉल पाह्यतो अन् निघतो."

तेवढ्यात दारासमोर ट्रक थांबला. रघुनाथरावांची संत्री नागपूरला चालली होती. ट्रकवरचा मोतीराम खाली उतरला. "लीलाबाई, मालकानं सांगतलं, येत असान तं घेऊन ये. कॅबिन खाली आहे, कोणी बसलं नाई. संध्याकाळी वापस आणून देतो."

मंगला लगेच म्हणाली, "जा ना आत्या. मी येतो संगं."

लीलाबाईंनी ट्रककडं पाहिलं. मग माझ्याखालून बाहेर आलेल्या दोन पायांकडं पाहिलं.

"नाई, बा," त्या म्हणाल्या. "माया पोरगा नेऊन राहिला मले."

मला तेव्हा एकदा तरी भोंगा वाजवता आला असता तर! जा, असं सांगितलं असतं. पण बॅटरी सोडून ओट्यावर ठेवलेली होती आणि भोंग्याच्या तारा मोकळ्या लोंबत होत्या. मोतीराम निघून गेला. तासाचे दोन झाले, दोनाचे चार. संध्याकाळी लीलाबाई आत गेल्या आणि लुगडं घडी करून ठेवून दिलं.

त्या हिवाळ्यात त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. खाटेवर उशांचा टेका दिला तरी त्या कलायच्या. डॉक्टर म्हणाले, आता प्रवास नाही.

दादारावानं माझ्यावर ताडपत्री टाकली आणि दहा महिने माझ्याकडं पाहिलं नाही. मी त्याच्यावर रागावले नाही. मीही तर सगळं जाणून गप्प होते.

शहाऐंशीच्या पावसाळ्याअखेर तो आला. त्यानं इंजिन जोडलं, पण चालू करून पाहिलं नाही. मग सीट काढली. मायसाठी घातलेली फळी काढून सागाचं लाकूड घरात कामाला येईल, असा त्याचा विचार होता. फळीचे बोल्ट खालच्या पत्र्यातून गेलेले, म्हणून पत्राही उचलावा लागला. खण्ण करून काहीतरी पडलं.

त्यानं तो गंजलेला अडकित्ता उचलून उजेडात धरला. दोन्ही पात्यांच्या मध्ये सुपारीचं खांड अजून होतं. मग त्यानं मला चालू केलं. आवाज नव्हता. माझं इंजिन साखरेसारखं गोड चालत होतं, जसं ते तीन वर्षांपूर्वी मोहगावच्या रस्त्यावर चालत होतं. दादाराव स्टिअरिंगच्या चाकावर डोकं टेकून रडला.

लीलाबाईंची खाट खिडकीशी होती, म्हणून पुढचं मला ऐकू आलं.

"माय, तुया अडकित्ता सापडला."

"कुठं होता?" त्यांचं बोलणं जरा जड झालं होतं.

"गाडीत." मग तो म्हणाला, "थो आवाज याचाच होता, माय. मी फालतू खोलत राह्यलो."

मला वाटलं, आता त्या रागावतील. रागवायला हव्या होत्या.

"म्हणजे चंद्रकलानं दिला होता वापस," त्या म्हणाल्या. "बलाव तिले."

चंद्रकलाबाई आल्या. दोघी काय बोलल्या ते सांगत नाही, कारण रडण्यात निम्मं कळलं नाही. पण शेवटी लीलाबाईंनी दादारावाला जवळ बोलावलं.

"यंदा दसऱ्याले इले घेऊन जाजो. माया जागेवर इले बसव. अन् अडकित्ता होता तिथंच ठेवून दे. मले आता सुपारी चावत नाई. आवाज आला का मले समजन, गाडी निघाली."

दादारावानं फळी परत बसवली. अडकित्ता पत्र्याखाली जिथं होता तिथं तिरपा ठेवला. दसऱ्याच्या सकाळी चंद्रकलाबाई कडीला धरून, पायरीवर पाय ठेवून माझ्यात बसल्या. पांढरं लुगडं लीलाबाईंचंच होतं. आम्ही निघालो. वाटेत त्यांनी कशाचा आवाज म्हणून विचारलं नाही. मी कुठंही बंद पडले नाही. पडणार नव्हतेच, मित्रांनो. तीन वर्षं मी हेच सांगत होते.

तुमच्याही घरी एखादी जुनी वस्तू असेल, कोपऱ्यात पडलेली. तिला तेलपाणी करा, तिचा गंज काढा, आमच्यासारख्यांना त्याची फार गरज असते. पण ज्या माणसासाठी ते करता, त्याला आधी बसवा आणि एक चक्कर मारून आणा. आवाज नंतर शोधता येतो. आम्ही थांबतो, आम्हाला दुसरं काही येत नाही. माणसांना थांबवू नका.

दिवेलागणीला आम्ही परतलो. दादाराव सरळ खाटेपाशी गेला.

"बोरगावच्या वळणापर्यंत ऐकू येत होतं मले," लीलाबाई म्हणाल्या.

बोरगाव कितीतरी मैल लांब आहे. तिथून खाटेपर्यंत अडकित्त्याचा आवाज येत नाही, हे पंपावर आयुष्य काढलेल्या माणसाला कळत होतं.

"हो, माय," तो म्हणाला. "तिथंच मोठा झाला होता आवाज."