सत्तेचाळीस मिनिटं

फिनलंडमधल्या ओउलूच्या विद्यापीठात तुइरे आणि तिचे सहकारी तीन वर्षं फोनला शहाणपण शिकवत होते. मालक कुठे आहे, कोणासोबत आहे, काय करतोय, हे फोननं आपलं आपण ओळखायचं आणि त्याप्रमाणे वागायचं. बैठकीत गप्प राहायचं, बसमध्ये खुशाल वाजायचं, आणि घरच्या माणसांत असताना कामाचे फोन आत शिरूच द्यायचे नाहीत. हे ओळखण्याचं काम प्रत्येक प्रोग्रॅमनं वेगळं करण्यापेक्षा सगळ्यांच्या खाली सॉफ्टवेअरची एकच चौकट टाकायची, म्हणजे वरच्या प्रोग्रॅमनी तिला नुसतं विचारलं की झालं. ती चौकट तुइरेची होती.

माणसं ओळखण्याची तिची रीत सोपी होती. जवळ कोणाचा फोन आहे ते ब्लूटूथवरून कळायचं, आणि त्या माणसाच्या सहवासात बोलणं किती होतं ते माइकवरून. आठवड्याला चाळीस मिनिटं बोलणं झालं की तो 'आपलं माणूस'. रोज जवळ असतो पण फारसं बोलत नाही, तो 'सहप्रवासी'. प्रमुख राउनोला बोलणं जसंच्या तसं साठवून हवं होतं. त्यावरून तुइरे त्याच्याशी दोन महिने भांडली. लोकांच्या घरातले शब्द आपल्याला कशाला हवेत? मिनिटं मोजा आणि शब्द तिथल्या तिथे पुसा. शेवटी राउनोनं हात टेकले आणि पुसण्याच्या त्या ओळी तुइरेनं स्वतः लिहिल्या. त्यांचा तिला फार अभिमान होता.

जानेवारीत सगळ्यांनी आपापल्या फोनवर चाचणी घेतली. दोन आठवड्यांनी यादी आली, तेव्हा तुइरेचे सहप्रवासी दोन निघाले. एक, सकाळच्या बसमध्ये शेजारी बसणारा कानटोपीवाला. दुसरा, योउको. योउको तिचा नवरा होता.

खोलीत हशा पिकला. तुइरेही हसली, न हसून करते काय. तिनं मर्यादा चाळिसावरून दहा मिनिटांवर आणून पाहिली. योउको काही आत आला नाही, कानटोपीवाला मात्र कुटुंबात दाखल झाला, कारण तो रोज थंडीबद्दल दोन-तीन मिनिटं तरी बोलायचा. पुढच्या गुरुवारी हेलसिंकीहून अनुदानवाले पाहुणे यायचे होते आणि त्यांना तुइरेच्याच घरची नोंद दाखवायची, असं कार्यक्रमपत्रिकेत छापूनही गेलं होतं. तोपर्यंत नियम बदल नाहीतर नवरा बदल, असं राउनो म्हणाला. चेष्टेतच म्हणाला, पण ते तिच्या जिवाला लागलं.

लग्नाची सोळा वर्षं तिला वाटत आलं होतं की घरातली ही शांतता दोघांची आहे, चांगली आहे. आता ती मोजायला लागली. शुक्रवारी सकाळी योउको "दूध" म्हणाला आणि थोड्या वेळानं "संपलं" म्हणाला. एवढ्यात दिवस उरकला.

रात्रीच्या जेवणाला माशाचं सूप होतं. त्यावर तिनं सांगून टाकलं.

"माझ्या चौकटीच्या मते तू माझा सहप्रवासी आहेस."

योउको सरकारी लिफ्ट तपासनीस होता. त्यानं काळ्या पावाचा तुकडा नीट चावून संपवला आणि विचारलं, "किती लागतं?"

"आठवड्याला चाळीस मिनिटं बोलणं."

"हं," तो म्हणाला, आणि उठून भांडी धुवायला लागला.

इमारतीच्या तळघरातल्या सॉनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, दर शनिवारी संध्याकाळी सहा ते सात त्यांची पाळी असे. फोन स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून दोघं बरोबरच खाली जात. सोळा वर्षांत त्यात खंड नव्हता. त्या शनिवारी मात्र योउको टॉवेल खांद्यावर टाकून दारातच थबकला.

"तू हो पुढे. मी आलोच."

तो आला सातला पाच कमी असताना. तोवर तुइरे बाकावर एकटी बसून तापल्या दगडांवर पाणी ओतत होती आणि रडत होती. घामात ते कळण्यासारखं नव्हतं, एवढंच बरं. उरलेली मिनिटं दोघं गप्प बसले. यंत्र बरोबरच बोलतंय, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

सोमवारी नवी यादी आली. योउको: आपलं माणूस.

तिनं नोंद उघडली. शनिवार, सहा वाजून चार मिनिटं ते सहा एक्कावन्न. जवळ योउकोचा फोन. पुरुषाचा एकच आवाज, हलका, जवळजवळ न थांबता. सत्तेचाळीस मिनिटं.

तिनं ते तीनदा वाचलं. मग ती शब्द शोधायला लागली. फोनमध्ये शोधले, सर्व्हरवर शोधले, जुन्या प्रतींमध्ये शोधले. तिच्या त्या ओळींनी काम चोख केलं होतं, एक अक्षर मागे राहिलं नव्हतं.

गुरुवारी सादरीकरण उत्तम झालं. हेलसिंकीच्या एका बाईंनी शंका काढली, लोक घरात काय बोलतात त्याचं पुढे काय होतं?

"एक शब्दही राहत नाही," तुइरे म्हणाली. "आम्हालासुद्धा परत मिळत नाही."

टाळ्या पडल्या. ही कल्पना जणू आपलीच, अशा चेहऱ्यानं राउनो मान डोलवत होता.

असं काही विचारायचं तर ते सॉनातच, म्हणून तिनं शनिवारपर्यंत कळ काढली. या वेळी दोघं बरोबर खाली उतरले.

"तू माझ्या फोनशी बोललास."

"चाळीस हवी होती. सात वर टाकली. लिफ्टच्या वजनातही आम्ही थोडं वर धरतो."

"पेपर वाचून दाखवलास?"

"पेपर कशाला? तुझ्याबद्दल बोललो."

तुइरे त्याच्याकडे वळली. "मग आता मला सांग ना."

योउकोनं दगडांवर पळीभर पाणी टाकलं आणि वाफ खाली बसेपर्यंत विचार केला.

"सोळा वर्षांचं साठलेलं होतं ते, तुइरे. संपलं. परत साठायला वेळ लागेल."

ती बेचाळीस वर्षांची होती. तिनं मनात सोळा मिळवले आणि बाकावर त्याला चिकटून बसली. वर टेबलावर तिचा फोन होता. आदल्या संध्याकाळी तिनं त्याच्यातल्या पुसण्याच्या ओळी काढून टाकल्या होत्या. तो आता रिकाम्या स्वयंपाकघरातला शब्द न् शब्द साठवत होता.