तुराट्यांची भिंत

करिश्माचं तान्हं खोकायला लागलं, तरी पंचफुलाबाई त्याला दगडी घरात नेऊ देईनात. भूकंपात त्यांची थोरली लेक भिंतीखाली गेली होती; त्यांच्या एकटीच्यानं ती भिंत हलली नव्हती. तेव्हापासून त्या अंगणात ताडपत्रीखालीच निजत. आता माघाच्या थंडीत बाळंतीण सूनही तिथंच.

"माय, हलकं घर बांधतो," अंगद म्हणाला.

चाकूरच्या शिवारात तुरी झोडपून झाल्या की उरलेल्या तुराट्या लोक बांधावर पेटवून देत. अंगदनं त्या मागून आणल्या, कुटल्या, ज्वारीच्या पिठाच्या खळीत कालवून साच्यात दाबल्या. तक्ता उतरला देखणा, पण उंदरांनी आठवड्यात अर्धा फस्त केला.

"भाकरीच थापलीस की रं," पंचफुलाबाई म्हणाल्या. "संगं कोरड्यास बी ठेव!"

करिश्माला हसू आवरेना. अंगद मात्र ती कुरतडलेली कड निरखत बसला. मग त्यानं खळ सोडून चुना धरला. चुन्यात कालवायचं, दाबायचं, सावलीत वाळवायचं. त्याच्या भेगाळल्या हातांना खोबरेल लावताना करिश्माला वाटे, पेटवायच्या काडीत घर बघणारा हा माणूस माझ्याच वाट्याला कसा आला!

नव्या तक्त्यांची बातमी ऐकून लातूरहून शिवमूर्ती आले. क्लासच्या पोरांना ते खोल्या भाड्यानं देत. "वरच्या मजल्यावर आडभिंती घालायच्यात. विटांचं वजन नको वाटतं आता," ते म्हणाले.

अंगदनं पुरुषभर उंचीचा तक्ता अंगणात उभा केला. पंचफुलाबाई त्याच्या पुढ्यात जाऊन बसल्या.

"पाड माझ्या अंगावर."

"माय, काहीतरीच काय!"

"माझ्या लेकीवर पडली तशी पाड. त्याबिगर नातू आत जायचा न्हाई."

अंगदचे हात उठेनात. करिश्मानं बाळ त्याच्याकडे दिलं. "आत्या, डोकं झाका," म्हणाली, आणि डोळे मिटून तक्ता रेटला.

धप्प आवाज झाला. चुन्याची धूळ उडाली.

"आत्या!"

"ओरडू नगंस. लेकरू दचकंल."

तक्ता हलला, वर उठला. पंचफुलाबाईंनी दोन्ही हातांनी तो बाजूला सारला. कोपर खरचटलं होतं, केस पांढरेफटक झाले होते. त्या बराच वेळ आपल्या तळहातांकडे बघत राहिल्या.

"एकटीनं उचलली बघ," त्या हळूच म्हणाल्या. "एकट्या बाईच्यानं उचलवती."

मग पदरानं तोंड पुसून अंगदवर खेकसल्या, "बघत काय राहिलास? चारी बाजूंनी भिंती उभ्या कर. लेकराला थंडी वाजायलीय."