उलट्या धारेचा विळा

तीन वर्षं थोरली एका मेलेल्या माणसाच्या मागे होती. दीडशे वर्षांपूर्वी शेती करून गेलेला तिचा खापरपणजोबा. जुन्या दप्तरखान्यांत तिने इतकी धूळ खाल्ली, की तिथला शिपाईही तिला चहा विचारायला लागला. हाती काही लागलं नाही. शेवटी दूरच्या चुलतीच्या गोठ्यात, आढ्याला खोचलेला विळा मिळाला. चुलती म्हणाली, त्याचाच आहे. त्याच्यानंतर कुणाला तो चालवताच आला नाही.

घरच्यांच्या मेळाव्यात त्या विळ्याने गवताची पेंढी कापून दाखवायची, असं थोरलीने मनाशी ठरवलं. एकदा तरी सगळ्यांनी तिच्याकडे बघावं. एरवी धाकटा भाऊ होताच. तो नुसता शिंकला तरी आत्यांना कौतुक. अख्ख्या घरात तो एकटा डावखुरा, तर त्याचंही कौतुक.

धार लावायला दिलेला विळा लोहाराने उलटसुलट करून पाहिला.

"चालणार कसा? धार उलट्या अंगाला आहे. डावखुऱ्यासाठी घडवलाय."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. खपली ती, आणि खापरपणजोबा निघाला धाकट्याचा! आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

"सरळ करून द्या," ती म्हणाली.

जुनी वस्तू आहे, पुन्हा विचार करा, असं लोहार म्हणाला. तिने नकारार्थी मान हलवली. ठिणग्या उडाल्या तेव्हा तिला चक्क बरं वाटलं.

मेळाव्यात पेंढी सर्रकन कापली गेली. आत्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तिला तीन वर्षांचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. मग धाकटा पुढे आला. त्याने सवयीने डाव्या हातात विळा धरून ओढला. गवत नुसतं वाकलं. थोरलीचा जीव भांड्यात पडला.

पण धाकटा विळा खाली ठेवेना. मूठ एका जागी झिजून खोलगट झाली होती, आणि त्याचा अंगठा त्या खळग्यात नेमका बसला होता. त्याने विळा तिच्या हातात दिला. तिच्या उजव्या अंगठ्याखाली खळगा नव्हताच.

"ताई, हा तर माझ्यासारखा होता," तो हरखून म्हणाला. मग पात्यावरच्या ताज्या, चकचकीत पट्ट्यावरून त्याने बोट फिरवलं.

"मग धार अशी कशी?"

आत्यांपासून पोरांपर्यंत सगळे थोरलीकडे बघू लागले.