चुकलं-माकलं तर

राजेश्वरीने तांदळाच्या डब्यावर पोळपाट उभा केला, पोळपाटाला मोबाइल टेकवला आणि मागच्या दोरीवरचे ओले कपडे दिसत नाहीत ना, हे पुन्हा एकदा वाकून पाहिलं. कपडे दिसत नव्हते, पण भिंतीवरची ओल दिसत होती. भाद्रपद अर्धा सरला, पाऊस दमला, ही बातमी लोणावळ्यातल्या भिंतींपर्यंत कधीच वेळेवर पोहोचत नाही. तिने सत्कारात मिळालेली शाल आणून ओलीवर खिळ्याला अडकवली. सत्काराच्या शालीचा एवढा उपयोग तोवर झाला नव्हता.

"नमस्कार मैत्रिणींनो," ती मोबाइलकडे बघून म्हणाली. "मनातलं बोलणं ओठांवर येता येता अडतं का?"

इतक्यात खालच्या रुळांवरून गाडीची शिट्टी झाली. तिने थांबून व्हिडिओ पुसला. पुढच्या वेळी कुकर बोलला. त्याच्या पुढच्या वेळी सगळं छान चाललं होतं, आवाज स्वच्छ, मान सरळ, आणि शेवटाला आलेली असताना तिच्या तोंडून "हितं या" असं गेलं. इथं नव्हे, हितं. तिने तोही पुसला.

आतल्या खोलीत अमृत झोपला होता. तो रेल्वेत, घाटातल्या मागच्या इंजिनावर. कर्जतला गाडीच्या शेपटीला इंजिन जोडायचं, ढकलत ढकलत तिला घाट चढवायचा आणि लोणावळ्यात सुटायचं, हे त्याचं काम. रात्रपाळीहून आला की दुपारपर्यंत झोपायचा. त्यामुळे राजेश्वरीला बोलायचं ते दबक्या आवाजात, दोन गाड्यांच्या मधल्या फटीत, आणि वर चेहऱ्यावर आत्मविश्वास ठेवून बोलावं लागे. आत्मविश्वास हाच तर तिचा विषय होता.

ती कोच होती. हे सांगितल्यावर तिच्या आईने, झुंबरबाईने, "कोच म्हंजे बसायचा न्हवं?" असं विचारलं होतं आणि राजेश्वरीला त्याचं उत्तर नीट देता आलं नव्हतं. चारचौघांत बोलायची भीती वाटणाऱ्या बायकांना ती बोलायला शिकवायची. वडगावला बचत गटाच्या खोलीत दर रविवारी सकाळी बायका जमायच्या. कुणाला ग्रामसभेत प्रश्न विचारायचा असे, कुणाला मुलाच्या शाळेत, कुणाला कंपनीत साहेबासमोर. राजेश्वरी हे सगळं कुठे शिकली नव्हती. तळेगावच्या वाचनालयातली पुस्तकं, मोबाइलवरची भाषणं आणि स्वतःला झालेल्या फजित्या, एवढ्यावर तिने वर्ग उभा केला होता.

फजित्यांपैकी एक मात्र ती वर्गात सांगत नसे. लग्नानंतर ती खंडाळ्याच्या एका हॉटेलात काउंटरवर लागली होती. कार्ल्याची शेतकऱ्याची मुलगी, नवी कोरी साडी, नवा कोरा घाबरटपणा. एका कुटुंबापुढे रजिस्टर सरकवून ती म्हणाली, "साहेब, हितं सही करा." त्यांच्यातली मुलगी "हितं, हितं" करत लिफ्टपर्यंत हसत गेली. वाईट नव्हती पोर, तिला गंमत वाटली एवढंच. पण राजेश्वरी त्या दिवसापासून न्हाणीघरातल्या आरशासमोर शब्द घासू लागली, आणि घासता घासता तिचं माहेरचं बोलणं भांड्याच्या कल्हईसारखं निघून गेलं. निदान तिला तसं वाटत होतं.

वर्गात तिचा एकच कडक नियम होता. आपल्याकडे बाई चारचौघांत उभी राहिली की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं: काही चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या. अजून बोललीही नाही, पण माफी आधीच मागून मोकळी. हे वाक्य जिच्या तोंडून जाईल तिने ताठ उभं राहायचं, स्वतःचं नाव आणि माहेरचं गाव मागच्या ओळीला ऐकू जाईल असं मोठ्यांदा सांगायचं आणि मग पुन्हा सुरुवात करायची. माहेरचं गाव का, असं कुणी विचारलं की राजेश्वरी म्हणे, शेवटचं मोठ्यांदा तिथंच बोललो असतो आपण.

कोमल या नियमाखाली सगळ्यांत जास्त वेळा उभी राहिली होती. आता ती तळेगावपलीकडे, नवलाख उंबरे गावाजवळ, गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत लाइन लीडर होती, आणि तिचा आवाज मशिनवरून पलीकडे जायचा. तिच्याच लाइनवर सविता होती. हाताला चलाख, पण साहेब समोर आला की पायाच्या अंगठ्याकडे बघणारी. सविताला नव्या लाइनच्या लीडरसाठी मुलाखतीला बोलावलं होतं. तिला त्याआधी एकदा तरी वर्गाला यायचं होतं. तिच्या नवऱ्याचं म्हणणं एवढंच, की बाई कोण, काय शिकवते, ते पहिलं बघू दे. त्यात त्याचं काही चुकत होतं असं नाही. कोमलने सांगून तो ऐकणार नव्हता, कारण कोमल त्याच्या मते आधीच जास्त बोलत होती. म्हणून कोमलने राजेश्वरीला गळ घातली: एक छोटा व्हिडिओ टाका, वर्गाचा, तुमचा, म्हणजे घरी दाखवता येईल. आणि कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांना सांगून टाकलं, मॅडमचा व्हिडिओ उद्या येतोय.

राजेश्वरी म्हणाली, उद्या नक्की. मग उद्या तिला वाटलं, केशरी साडीत आपण निवडणुकीला उभ्या राहिल्यासारख्या दिसतो. परवा प्रकाश कमी पडला. नंतर एक बरा व्हिडिओ जमला, तर खाली अक्षरं टाकताना त्यांचा रंग पटेना. मग तिने इतर कोच बायकांचे व्हिडिओ पाहिले. त्यांच्या मागे पांढऱ्या भिंती होत्या, कुंड्या होत्या, आणि त्यांच्या घरात कुणी कुकर लावत नसावं. ते पाहून तिने आपला बरा व्हिडिओही पुसला. आपण लोकांना आत्मविश्वास शिकवतो, आपणच कसं कच्चं दाखवायचं, हे ती अमृतला म्हणाली. तो म्हणाला, खरंय, आणि झोपला.

शनिवारी दुपारी कोमल स्वतःच आली. पहिली पाळी संपवून, तळेगावहून लोकल धरून, कंपनीच्या निळ्या शर्टातच. राजेश्वरीने चहा टाकला आणि न विचारताच सांगायला लागली, की व्हिडिओ जवळजवळ झालाय. कोमलने हात पुढे केला. मोबाइलमध्ये या आठवड्यातले न पुसलेलेही कितीतरी होते. कोमल चहाचे घोट घेत एकेक बघत गेली.

"ह्यात काय वाईट हाये?"

"त्यातही शेवटी हितं आलंय."

"आन् ह्यात?"

"मान बघ ना. वाकडी."

"ह्यात?"

राजेश्वरीने तो दोनदा पाहिला. त्यात काय वाईट होतं, ते तिला आठवेना.

कोमलने मोबाइल ओट्यावर ठेवला. मग खाली बघत सांगितलं, की बसमधल्या बायकांनी तिचं नावच 'उद्या' पाडलंय. काय गं उद्या, तुझी मॅडम कधी उजाडणार, असं विचारतात. ते जाऊ दे, ती म्हणाली, चेष्टेचं काही नाही. पण सविताने काल साहेबांना सांगितलं, मुलाखतीतनं माझं नाव काढा. घरी दाखवायला काही नाही आणि बोलायला येत नाही, मग जाऊन करू काय? मुलाखत सोमवारी होती.

कुकरचं झाकण उगीचच उघडून राजेश्वरीने पुन्हा लावलं. तिला आधी वाटलं, माझा काय संबंध. मग वाटलं, आहेच.

"ताई, रागावू नगा," कोमल म्हणाली. "वर्गात आमी म्हनायचो, चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या. तुमी उभं करायचा."

"मग? मी कधी म्हटलंय का ते?"

"तुमी म्हनत न्हाई. तुमी पुसून टाकता. म्हनलेलं बरं की, ताई. म्हनल्यावर मानूस फुडं बोलतो तरी."

राजेश्वरी ओट्याला टेकून उभी राहिली. खाली एक मालगाडी घाट चढून आली. मालगाड्या लांब असतात, त्यामुळे राजेश्वरीला विचार करायला बराच वेळ मिळाला.

"धर मोबाइल," ती शेवटी म्हणाली. "आत्ताच करू. पण कोमल, माझा आवाज बसलाय आज, आणि साडीपण घरातली, तेव्हा काही चुकलं-माकलं तर—"

कोमलला हसू आलं नाही, हे विशेष.

"उभ्या ऱ्हावा, ताई," ती म्हणाली.

राजेश्वरी उभीच होती. तरी ती ओट्यापासून सुटली, पदर नीट केला आणि वर्गातल्या बायका उभ्या राहत तशी उभी राहिली. मी राजेश्वरी, माहेर कार्ले, असं म्हणाली. कोमलने मान हलवली. "मागच्या ओळीला ऐकू गेलं न्हाई."

मग राजेश्वरीने श्वास घेतला. लहानपणी बापाची भाकरी घेऊन जाताना ती अलीकडच्या बांधावरून हाक मारायची, तेव्हा पाणी भरलेल्या सगळ्या भातखाचरांवरून ती हाक पलीकडे जायची. तो आवाज न्हाणीघरातल्या आरशासमोर कुठे गेला होता कोण जाणे. तो होता तिथेच.

"मी राजेश्वरी. कार्ल्याच्या रखमाजींची लेक."

आतल्या खोलीत पलंग करकरला. कोमलने मोबाइल वर धरला आणि सांगितलं, आता घेते, परत असंच म्हना. सविताचं नाव घ्यायचं नाही, पण बोलायचं सविताशीच. आणि मैत्रिणींनो नको.

राजेश्वरी बोलली. कार्ल्याच्या रखमाजींची लेक, इथून सुरुवात केली. तुम्ही मला ओळखत नाही, तुमच्या घरचे तर नाहीतच, म्हणून हे तोंड दाखवते, असं म्हणाली. उद्या सकाळी वडगावला बचत गटाच्या खोलीत आम्ही बायका जमतो. "हितं," ती म्हणाली, आणि अडखळली. कोमलचा हात हलला नाही. "हितं कुणी कुणाला हसत न्हाई. हसलंच कुणी, तर आधी मला हसतं." तेवढ्यात शिट्टी झाली. राजेश्वरी थांबली, पण नेहमीसारखी नव्हे. ही गाडी घाट चढून आली, तिने समजावलं. आता मागचं इंजिन सोडतील. आमचे हे त्याच कामावर असतात आणि आत्ता झोपलेत, म्हणून हळू बोलणार होते, ते काही जमलं नाही. ज्यांची सोमवारी मुलाखत आहे त्यांनी नाव काढलं असलं तरी या. साहेब काय विचारतील ते आपण आधीच एकमेकींना विचारून बघू. घरच्यांना बघायचं असेल तर घेऊन या, दाराशी खुर्ची आहे.

संपलं. कोमलने मोबाइल तिच्या हातात दिला.

"दाबा तुमीच."

राजेश्वरीने व्हिडिओ बघितला. शाल खिळ्यावरून एका बाजूला घसरली होती, ओल दिसत होती, दोरीवर अमृतचा बनियन दिसत होता, आणि कोपऱ्यात, उघड्या दारातून, पांघरुणाबाहेर आलेला अमृतचा एक पाय.

"अगं, तो पाय..."

"भावजींचाच हाये न्हवं? मग ऱ्हाऊ द्या."

राजेश्वरीचं बोट पुसायच्या खुणेकडे सवयीने गेलं. मग परत आलं. तिने डोळे मिटले नाहीत, वर्गात तेही तिने बायकांना बंद करायला लावलं होतं. तिने दाबलं. आधी तिच्या पानावर, मग कोमलने तिला ज्यात घेतलं होतं त्या कंपनीच्या बायकांच्या ग्रुपवर. आणि लगेच मोबाइल तांदळाच्या डब्यात, तांदळाच्या आत खोल, घालून झाकण लावलं. नाहीतर तिने तो पाच मिनिटांत काढून टाकला असता, हे तिला स्वतःविषयी नक्की माहीत होतं.

मग त्यांनी पोहे केले. अमृत उठून आला, त्याने आपला पाय जगाने पाहिल्याची बातमी शांतपणे ऐकली आणि जास्तीचं खोबरं मागितलं. कोमल निघायची तयारी करत होती तेव्हा डब्यातून आवाज आला. बारीक, दबलेला, तांदळाच्या आतून टुणकन आल्यासारखा. राजेश्वरीने झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात घातला.

व्हिडिओ काही फार कुणी पाहिला नव्हता. पण सविताचा आवाज आला होता, बोलून पाठवलेला. तिघंही ऐकायला जवळ आली. आधी नुसताच श्वास. मागे कुणाची तरी भांडी.

"ताई, मी सविता. काय चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या. ह्यांनी बघितला. म्हनले, कार्ल्याच्या रखमाजींची व्हय, त्यांच्याकडनं आमच्या आबांनी बैल आनलता, लय गुनी बैल. मग म्हनले, जा. साहेबास्नी सकाळी फोन करते, नाव परत घालत्यात का बगते. घालतील का न्हाई म्हाईत न्हाई. पन वडगावला येते."

कोमलने तोंडाला पदर नव्हता म्हणून शर्टाची बाही लावली. राजेश्वरीने मोबाइलला चिकटलेले तांदूळ पुसले, बटण दाबून धरलं आणि पहिल्याच झटक्यात, न थांबता बोलली.

"उभी ऱ्हा, सविता. नाव सांग, माहेर सांग. हितपर्यंत ऐकू आलं पाहिजे."